हवा पुढे येत नाही

श्यामने स्क्रूड्रायव्हर जाळीच्या फटीत खुपसला आणि वरून बुटाने लाथ घातली. जाळी निघाली नाही, वाकली. दुसऱ्या लाथेसरशी ती उपटली गेली आणि पलंगाच्या पायावर जाऊन आदळली. तो गुडघ्यांवर बसला, जमिनीतल्या चौकोनी भोकावर तळहात धरला आणि मान वर न करता म्हणाला,

"इकडे ये. हात लाव."

मृणालिनीने डावा हात पुढे केला. उजवं मनगट रात्रीपासून वळत नव्हतं.

"काही लागतंय?"

"येतेय थोडीशी."

"थोडीशी! हिला हवा म्हणतात? चहा गार करायला माणूस याहून जोरात फुंकर मारतो." त्याने स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला. प्लायवूडला खोक पडली. "मागे पोरीच्या खोलीत जाऊन बघ, नुसतं भाजतंय. अन् इथे बोटं वाकत नाहीत."

कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, अमेरिकेतून आणलेली होती आणि ती श्यामचा मित्र ऑस्वल्ड याच्या कतारी साहेबांची होती. साहेब सुट्टीवर परदेशी गेलेले, किल्ली ऑस्वल्डकडे, आणि ऑस्वल्डने मैत्रीखातर ती दोन रात्रींसाठी श्यामला दिलेली. समैस्मा गावाच्या पलीकडे, समुद्रापासून जरा आत, वाळूत ती एकटीच उभी होती. जानेवारीचा उत्तरेचा वारा सुटला होता. कतारमध्ये थंडी पडते हे नाशिकच्या नातेवाइकांना फोनवर कितीही सांगा, पटत नाही. पण पडते, आणि उघड्यावर तर हाडांत शिरते.

गाडीची रचना साधी होती. पुढे नवरा-बायकोची झोपायची खोली, मध्ये ओटा आणि बसायची जागा, मागे नुपूरची छोटीशी खोली. नुपूरच्या पलंगाखाली गॅसवर चालणारा हीटर होता. त्याचा पंखा गरम हवा जमिनीखालच्या एका जाड पाइपात ढकलायचा, पाइप मागून पुढे जायचा आणि प्रत्येक खोलीत जमिनीला एकेक जाळी होती. गुरुवारी संध्याकाळी आले तेव्हा सगळीकडे झकास हवा येत होती. नुपूर झोपायला गेली आणि थोड्याच वेळात पुढची हवा मंदावली. त्यावरून श्यामचं डोकं फिरलं. हवेवरून सुरू झालेलं मृणालिनीच्या मनगटावर येऊन संपलं.

श्याम मारायचा. हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण दोह्यातल्या त्यांच्या ओळखीच्या माणसांनी हे ऐकलं असतं तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. एसीच्या कामातला नावाजलेला इंजिनिअर, गणपतीत हौसेने टाळ वाजवणारा, सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या घरचे एसी फुकट बघून देणारा. मारण्यातही त्याची शिस्त होती. आवाज चढवायचा नाही, तोंडावर मारायचं नाही. मृणालिनीचीही एक शिस्त होती. तो बेडरूमचं दार लावून घेऊ लागला की ती आधी एसीचा पंखा सगळ्यात वरच्या स्पीडवर टाकायची आणि मग उशीचं टोक दातांत धरायची. त्या घरघरीत काहीही झालं तरी शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही, अशी तिची खात्री होती. नुपूरला कळता कामा नये. बाकी सगळ्यावर तिने पाणी सोडलं होतं, या एका गोष्टीवर नाही.

त्यामुळे पुढची हवा यावी असं श्यामइतकंच तिलाही वाटत होतं. तिला ऊब नको होती, पंख्याचा आवाज हवा होता. काल रात्री तो पुढे जेमतेम ऐकू येत होता आणि तिने श्वाससुद्धा मोजूनमापून घेतला होता. आज शुक्रवार. अजून एक रात्र इथेच काढायची होती.

श्याम उठला. खोक्यातून त्याने रुंद टेपचं बंडल काढलं.

"मागची जाळी बंद करू. ओट्याजवळचीही. मग हवा मुकाट्याने पुढे येईल. जाते कुठे?"

दोह्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिवाणखान्यातली एसीची जाळी बंद केली की झोपायची खोली गारेगार पडते. उन्हाळ्यात घरोघरी हेच चालतं आणि श्यामने तर उभं आयुष्य थंड हवा इकडून तिकडे वळवण्यात घालवलं होतं.

नुपूर तिच्या खोलीच्या दारात उभी होती. तेरा वर्षांची, बापाइतकी उंच व्हायला आलेली.

"बाबा, गिव्ह इट टु मी. आय विल डू इट."

"चारी बाजूंनी लाव. फट राहता कामा नये."

तिने दार लोटून घेतलं. आतून टेप फाडल्याचे आवाज आले. ती बाहेर आली, कोणाकडे न बघता तिने जॅकेट चढवलं आणि कानात इअरफोन घालून वाळूत उतरली.

उरलेल्या टेपने श्यामने ओट्याजवळची जाळी बंद केली. हीटर थोडा वेळ चालला. मग खट्‌ झालं, ज्योत विझली आणि पंखा फिरून फिरून थांबला. श्यामने पुन्हा चालू केला. पुन्हा खट्‌. गरम हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही की हीटर जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. थंड हवेला जे चालतं ते गरम हवेला चालत नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आधी निदान मागे तरी ऊब होती, आता अख्खी गाडी गार पडली. श्यामच्या मानेची शीर वर आली. ती शीर मृणालिनीला ओळखीची होती.

"ऑस्वल्डला फोन करून बघायचा का?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच आपण चुकलो हे तिला कळलं. "म्हणजे साहेबांनी त्याला कधी काही सांगितलं असेल तर..."

"ऑस्वल्डला?"

"मी आपलं..."

"अकाउंट्समध्ये बसतो तो. आणि मी त्याला विचारू, हवा कशी आणायची?"

त्याने तिची मान मागून पकडली. ओट्याच्या कडेवर तिची कंबर आपटली आणि दुसऱ्या क्षणी ती जमिनीवर होती. ओट्याजवळच्या जाळीवरची टेप त्याने एका हाताने टराटरा सोलली आणि दुसऱ्या हाताने तिचा गाल त्या जाळीवर दाबला.

"ऐक. नीट कान लावून ऐक. काय ऐकू येतंय? सांग ना. सल्ले द्यायचेत ना तुला?"

गुडघा तिच्या पाठीत रुतला. छातीत हवा जाईना. लोखंडाच्या पट्ट्या गालात शिरत होत्या आणि तरी तिचे डोळे खिडकीकडे होते, नुपूर जवळपास तर नाही ना एवढंच बघत. तिला त्या क्षणी श्यामची भीती वाटत नव्हती, किळस वाटत होती. त्याने केस धरून डोकं उचललं आणि पुन्हा जाळीवर आपटलं. तोंडावर मारायचं नाही ही शिस्त आज मोडली, हे तिच्या लक्षात आलं. बहुधा त्याच्या आलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

गुडघा निघाला. श्यामने शर्ट सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं.

"या या! अरे, लंच थंड झालं असतं आणखी उशीर केला असतात तर!"

ऑस्वल्ड आणि त्याची बायको ग्रेसी अबू हमूरच्या चर्चमधून परस्पर आले होते. दोघं मूळचे वसईचे. इथे रविवारऐवजी शुक्रवारी मिस्सा असते, त्यामुळे ऑस्वल्ड इस्त्रीच्या पँटमध्ये होता आणि ग्रेसीच्या हातात तळलेल्या फुगियांचा स्टीलचा डबा.

"फादरनी आज काय ते प्रवचन लांबवलं रे," ऑस्वल्ड पायऱ्या चढत म्हणाला. "संपता संपेना. काय, वहिनी, गारठलात की काय? आत तर बाहेरच्यापेक्षा थंडी आहे!"

ग्रेसी मृणालिनीकडे बघत होती.

"गालाला काय झालं गं?"

"काही नाही गं." मृणालिनी जरासं हसली आणि बोटांनी केस पुढे ओढून घेतले. "ऊब शोधत इथेच आडवी झाले, तर डोळाच लागला. जाळी उमटली."

"आणि हात?"

"बाथरूमचं दार. वाऱ्याने आपटलं."

ग्रेसी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला काम करायची. वाऱ्याने आपटणारी दारं तिने बरीच पाहिली होती. तिने डबा ओट्यावर ठेवला.

ऑस्वल्डपुढे श्यामला हुरूप चढला. मागची हवा पुढे येत नाही, म्हणजे पाइप मध्येच कुठेतरी चेपलाय, असं त्याने हात हलवून समजावलं. नुपूरच्या जाळीवरची टेप त्याने स्वतः जाऊन उचकटली, हीटर लावला आणि सुरी घेऊन गाडीखाली शिरला. ऑस्वल्ड इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता वाळूत उकिडवा बसला आणि टॉर्च धरला. दोघी दाराशी उभ्या राहिल्या. ऑस्वल्डची गाडी बघून नुपूरही समुद्राकडून परत आली.

गाडीच्या पोटाला काळी जाड ताडपत्री लावलेली होती. श्यामने ती भोसकली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली. आतला कापूस भसाभसा त्याच्या तोंडावर पडला. शिव्या देत, थुंकत तो पुढे सरकला.

"साहेबांची गाडी आहे रे बाबा," ऑस्वल्ड म्हणाला. "सांभाळून."

"शिवून देईन. टॉर्च धर तू."

त्याने मऊ पाइपवर मूठ मारत मारत अंदाज घेतला. नुपूरच्या खोलीखाली पाइप गरम होता आणि फुगलेला होता. हातभर पुढे गेल्यावर तो गार पडला होता. मधल्या जागी काहीतरी लागलं. श्यामने सुरी घातली, पाइप उभा चिरला आणि आत हात घालून खेचलं. आधी लोकरीची बाही बाहेर आली, मग अख्खा मरून स्वेटर, शाळेचा. स्वेटरच्या आत मोजे कोंबलेले होते, मोज्यांच्या आत आणखी मोजे. घट्ट वळलेला गोळा होता तो. घाईघाईने केलेलं काम नव्हतं.

गरम हवा भस्सकन ऑस्वल्डच्या तोंडावर आली.

"आयला!" तो हसत मागे सरकला. "एवढा मोठा उंदीर?"

श्याम सरपटत बाहेर आला. तोंड कापसाने पांढरं, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात स्वेटर.

"हे कोणी घातलं?"

"मी," नुपूर म्हणाली.

"का?"

"द नॉइज, बाबा." ती जरासं हसली आणि बोटांनी केस पुढे ओढून घेतले. "हीटर इज सो लाउड. आय कुडन्ट स्लीप. सॉरी."

ते हसू कुठलं होतं हे मृणालिनीने ओळखलं. ते तिचंच होतं, आत्ता काही वेळापूर्वीचं, ओट्याशी उभं राहून ग्रेसीला दिलेलं. शब्द न अडखळता आले होते आणि आवाजही कसा मोकळा. पहिल्यांदा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता.

श्यामला स्वेटरपेक्षा त्या उत्तराचा राग आला. चूक तांत्रिक होती आणि तांत्रिक चूक तो कोणाची खपवून घेत नसे.

"काहीतरीच काय सांगतेस? हीटर तुझ्या पलंगाखाली आहे. त्याचा आवाज थांबवायचा तर तू तुझी जाळी बंद केली असतीस. हे तू पुढच्या बाजूला कोंबलंयस, हातभर आत. पुढच्या पाइपातून हीटरचा आवाज कसा येईल? पुढून येणार तो फक्त..."

तो थांबला. पुढे झोपायची एकच खोली होती.

वाऱ्याने फाटलेली ताडपत्री फडफडत होती. ऑस्वल्डच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं, तो पँटवरची वाळू झटकत होता. नुपूर आता बापाकडे बघत नव्हती, आईच्या मनगटाकडे बघत होती. हवा मंदावली म्हणूनच काल रात्री बाबा भडकले, हे तिला सकाळीच कळून चुकलं असणार.

मृणालिनीला त्यांचं दोह्यातलं घर आठवलं. दोन्ही खोल्यांना एसीची हवा एकाच पाइपातून यायची आणि नुपूरच्या खोलीत ती कधीच धड यायची नाही. श्यामने माणसं आणून यंत्र दोनदा उघडून बघितलं होतं, भिंतीतल्या जाळीच्या आत कोणी बघितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पोर घामाने निथळत झोपायची आणि विचारलं तर म्हणायची, आय लाइक इट वॉर्म. मोजे तर दर महिन्याला आणायला लागायचे. कुठे हरवतेस गं, म्हणून मृणालिनी तिच्यावर ओरडायची. इतकी वर्षं ती इकडे उशी चावत होती आणि तिकडे लेक भिंतीत मोजे कोंबत होती. काहीच लपलं नव्हतं. तिने जिवाच्या कराराने जे राखलं होतं ते पहिल्या दिवसापासून नव्हतंच, आणि त्यापायी आपण काय काय सोसलं या विचाराने तिला तिथेच भोवळ आली. ग्रेसीने तिचा दंड धरला.

"चला, खलास!" श्याम मोठ्याने म्हणाला. "प्रॉब्लेम सापडला. ऑस्वल्ड, टेप दे."

त्याने चिरलेला पाइप गुंडाळला, ताडपत्री कशीबशी चिकटवली आणि हातपाय धुऊन सगळ्यांना आत बोलावलं. पंखा घोंघावत होता. पुढच्या खोलीतल्या उघड्या भोकातून हवेचा झोत थेट छताला लागत होता आणि ओट्यापाशी तर उभ्याउभ्या पाय शेकत होते. ऑस्वल्डने टाळी वाजवली.

"मानलं बुवा! आता एसीसारखी येतेय बघ."

"मग? अरे, एसी काय अन् हीटर काय, हवा ती हवाच." श्याम मृणालिनीकडे वळून हसला. "आज रात्री काही त्रास नाही."

ते वाक्य तिच्यासाठीच होतं आणि तिला ते पूर्ण समजलं. काल अर्धवट राहिलेलं आज पुरं होणार होतं, स्वेटरवरून, सल्ल्यावरून, ऑस्वल्डसमोर झालेल्या शोभेवरून. आणि आज पंखा जोरात असणार होता. नुपूर कोपऱ्यातल्या बाकावर स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यातला कापूस एकेक करून वेचत होती.

"श्याम मला मारतो," मृणालिनी म्हणाली.

ती बोलली खरी, पण आवाज वर्षानुवर्षं बेडरूममध्ये वापरलेलाच लागला. पंख्याने तो गिळून टाकला.

ऑस्वल्डने फुगिया तोंडात घालता घालता कानाशी हात नेला. "काय म्हणालात, वहिनी?"

श्यामने ऐकलं होतं. तो दोन पावलांत तिच्याजवळ आला आणि त्याचा तळवा तिच्या पाठीवर पडला, मघाशी गुडघा होता तिथेच. बोटं हळूहळू आवळली गेली.

"काही नाही रे. चहा टाकते म्हणतेय. टाक ना, मृणाल."

चहाचं भांडं समोरच होतं. लायटर हाताशी होता. हो, चहाच म्हणत होते, एवढं म्हटलं असतं की सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, आणि ते शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा. दुखरी जागा ठणकत होती. आपण भित्र्या आहोत याचा तिला मनस्वी संताप आला.

नुपूर उठली. स्वेटर बाकावर ठेवून ती भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपाशी गेली आणि तिने काटा खाली ओढला. ज्योत विझल्याचा खट्‌ आवाज आला. पंखा मात्र लगेच थांबत नाही, आतली धग निघेपर्यंत फिरत राहतो. ग्रेसीने ऑस्वल्डच्या हातातली ताटली काढून घेतली. पंख्याची घरघर उतरत गेली, आणखी उतरली आणि थांबली. बाहेरचा वारा ऐकू यायला लागला.

"आई, परत सांग," नुपूर म्हणाली. "मोठ्याने."

श्यामचा हात पाठीवरच होता. तो तसाच असताना मृणालिनीने सांगितलं, ऑस्वल्डला आणि ग्रेसीला ऐकू जाईल असं, आणि मग नुपूरकडे बघून आणखी एकदा.